‘आर’ म्हणजे कोण?

चि. मुक्ता हीस,


साथीच्या मॉडेलवरच्या तुझ्या अहवालाचा मसुदा दोनदा वाचला. समीकरणांना मी हात लावत नाही, पण दुसऱ्याच पानावर अडखळलो. ‘एक्स्पोज्ड ४००’ असं तू लिहिलंस. तुमच्या मॉडेलमध्ये त्याचा अर्थ, लागण झाली आहे पण अजून दुसऱ्याला देऊ शकत नाहीत अशी माणसं. तालुक्यात नोकरीभर आम्ही हाच शब्द रुग्णाच्या संपर्कात आलेल्यांसाठी वापरला, आणि त्यातल्या कितीतरी जणांना पुढे काहीच होत नसे. तुझा आकडा वाचून वैद्यकीय अधिकारी ४०० संपर्कितांची यादी करायला आशाताईंना पिटाळेल, आणि चूक त्याची नसेल.

‘इन्क्युबेशन’ आणि ‘लेटन्ट’ या दोन्हींना तू ‘सुप्तावस्था’ म्हटलंस. पहिला काळ लक्षणं दिसेपर्यंतचा, दुसरा माणूस रोग देऊ लागेपर्यंतचा. कोविडमध्ये दुसरा काळ आखूड होता. लक्षणांच्या एक-दोन दिवस आधीच माणूस रोग पसरवू लागे. आपली फजिती झाली ती त्याच दोन दिवसांत.

आता मॉडेलमधला ‘आर’ हा गट. मराठी सारांशात तू ‘बरे झालेले’ लिहून मोकळी झालीस. कर्मॅक आणि मॅकेन्ड्रिक यांचा साथीच्या गणितावरचा १९२७चा निबंध काढून बघ. त्यात मुंबईच्या प्लेगचा आलेख आहे, डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६, आठवड्यागणिक मृत्यूंचा. नोंदलेल्या दहा रुग्णांतले आठ-नऊ दगावत, म्हणून साथीतून ‘बाहेर पडलेल्यां’साठी त्यांनी मृत्यूंचेच आकडे धरले. तुझं भाषांतर त्या आलेखाखाली छापलं, तर मुंबईतली प्रेतं बरी होऊन घरी जातील! बरा झालेला आणि गेलेला, दोघेही पुढे रोग देत नाहीत, म्हणून गणिताला ते सारखे. घरच्यांना नाहीत. तेव्हा ‘बाहेर पडलेले’ लिही, आणि त्यात बरे किती, मृत किती ते वेगळं दे.

तुझ्या सारांशात त्याच पानावर ‘आर शून्य’ही आहे. कुणालाच प्रतिकारशक्ती नसताना एका रुग्णापासून सरासरी किती जणांना लागण होईल, तो हा आकडा. त्याला ‘दर’ म्हणू नकोस. ‘गोवराचा दर १२ ते १८’ वाचून कुणीही विचारेल, दिवसाला की आठवड्याला?

शब्द कुठले घ्यायचे ते तुमच्या गटाने ठरवा, माझा हट्ट नाही. ठरला की मात्र अहवालभर तोच ठेव. तेच शब्द पुन्हा नकोत, हे शाळेतलं शिक्षण इथे विसर. आणि मसुदा वर पाठवण्याआधी एखाद्या आरोग्यसेविकेला वाचायला दे. ती कुठे थांबते, तेवढं मला कळव.

तुझा,
काका