पांढरे जाणे : तक्रार एक, कारणे अनेक

भालकी, औराद, बसवकल्याण किंवा आळंद परिसरातील स्त्री दवाखान्यात येते ती कंबरदुखी व अशक्तपणा सांगत. उठता उठता हलक्या आवाजात म्हणते, "अंगावरून पांढरे जाते." कन्नड भाषिक भगिनी यालाच 'बिळी सेरगु' म्हणतात. भाषा वेगळी, संकोच मात्र एकच.

या संकोचाची व्याप्ती डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये मांडली. गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांतील ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते. पूर्वी तपासणी झालेल्या अवघ्या ८ टक्के होत्या.

प्रत्येक पांढरे जाणे हा आजार नव्हे. पाळीच्या चक्रानुसार स्राव बदलतो. तीव्र खाज, लालसरपणा, लघवीच्या वेळी जळजळ आणि नासलेल्या दुधासारखा, दुर्गंधीरहित स्राव असल्यास कॅन्डिडा बुरशीचा संशय घ्यावा. अशा वेळी योनिमार्गाचा पीएच बहुधा ४.५ पर्यंतच असतो. माशासारखा वास किंवा फेसाळ, हिरवट-पिवळा स्राव असल्यास जिवाणुदोष अथवा ट्रायकोमोनास यांचा विचार करावा. तेथे बुरशीचे औषध निरुपयोगी ठरते. १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली केलेली तपासणी स्वस्त व उपयुक्त आहे.

साध्या संसर्गात क्लोट्रिमॅझोल ५०० मिलिग्रॅमची योनिमार्गात ठेवावयाची एक गोळी, किंवा फ्लुकोनॅझोल १५० मिलिग्रॅम तोंडावाटे एकदाच, पुरेशी असते. गर्भवतीस फ्लुकोनॅझोलची गोळी टाळून योनिमार्गातील औषध सात दिवस द्यावे. लक्षणे नसलेल्या पतीवर सरसकट उपचारांची गरज नसते. ट्रायकोमोनासमध्ये मात्र दोघांवरही उपचार आवश्यक आहेत.

वर्षभरात तीन किंवा अधिक वेळा त्रास झाल्यास केवळ चिठ्ठी बदलू नये. रक्तशर्करा तपासावी, एचआयव्ही चाचणीविषयी समजावून सांगावे. प्रतिजैविके, स्टेरॉइड, तसेच मधुमेहासाठीचे डॅपाग्लिफ्लोझिन चालू आहे का, हे विचारावे. निदान पक्के झाल्यावर प्रारंभीच्या उपचारानंतर फ्लुकोनॅझोल १५० मिलिग्रॅम आठवड्यातून एकदा, सहा महिने देता येते.

भगिनींनी दुकानातून परस्पर स्टेरॉइडमिश्रित मलम आणू नये. खाज दबते, रोग राहतो. योनिमार्ग आतून साबणाने धुऊ नये, सुती कपडे वापरावेत. पोटात दुखणे, ताप, रक्तमिश्रित स्राव किंवा गर्भारपण असल्यास विलंब करू नये.

डॉक्टर बंधुभगिनींस एकच विनंती : आडपडदा, परिचारिकेची सोबत आणि पाच मिनिटांची तपासणी एवढे प्रत्येक दवाखान्यात असावे. हलक्या आवाजातील ते वाक्य ऐकून घेणे, हाच उपचाराचा आरंभ होय.