सुप्रीम कोर्टाने ऐकले नाही, म्हणजे नेमके काय ठरले?

गोंदियाचा एखादा दुकानदार किंवा गिरणीमालक मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात हरला, की त्याला पहिला सल्ला मिळतो तो दिल्लीला जाण्याचा. तेथे बऱ्याच याचिका पहिल्याच तारखेला काही मिनिटांत फेटाळल्या जातात. मग ‘सुप्रीम कोर्टानेही फटकारले’ असा मथळा छापून येतो, आणि त्याच कात्रणाच्या जोरावर दुसऱ्याच दुकानदाराला दम दिला जातो. या कात्रणाला कायद्यात किती किंमत आहे, ते आज पाहू.

उच्च न्यायालयाच्या निकालावर दिल्लीत जाण्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे घटनेच्या कलम १३६ ची विशेष अनुमती याचिका. नावातच अनुमती आहे. हे अपील नव्हे, अपील करू द्यावे अशी विनंती आहे. प्रकरण असाधारण असेल तरच ही अनुमती द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५० सालीच प्रीतमसिंग खटल्यात सांगून ठेवले. अनुमती नाकारली, तर अपील सुरूच झाले नाही असे समजायचे.

यातून काय घडू शकते, हे केरळच्या कुन्हयम्मद प्रकरणात दिसते. वनजमिनीच्या वादात कुन्हयम्मद व इतर जमीनधारक उच्च न्यायालयात जिंकले. सरकार दिल्लीला गेले, याचिका फेटाळली गेली. आता प्रश्न मिटला, असे कोणालाही वाटेल. पण सरकार पुन्हा उच्च न्यायालयात गेले आणि त्याच निकालाचा फेरविचार मागितला. जमीनधारक म्हणाले, सुप्रीम कोर्टाने शिक्कामोर्तब केल्यावर आता फेरविचार कसला? त्यावर १९ जुलै २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अनुमती नाकारणे म्हणजे शिक्कामोर्तब नव्हे, फेरविचाराचा अर्ज चालू शकतो. २०१९ साली खोडे डिस्टिलरीज प्रकरणात हाच नियम पुन्हा कायम झाला.

म्हणून आदेशाचा कागद वाचावा लागतो. कारण न देता ‘याचिका फेटाळली’ एवढेच लिहिले असेल, तर खालचा निकाल त्या दोन पक्षकारांपुरता उभा राहतो, पण सुप्रीम कोर्टाने तो बरोबर ठरवला असे होत नाही. फेटाळताना कायद्याचा मुद्दा सांगितला असेल, तर तेवढा मुद्दा कलम १४१ प्रमाणे देशभर बंधनकारक असतो. आणि अनुमती देऊन, दोन्ही बाजू ऐकून अपील फेटाळले असेल, तर खालचा निकाल वरच्या निकालात विलीन होतो. तिन्ही वेळा मथळा मात्र एकच छापला जातो!

आपल्या कुरैशी बांधवांशी संबंधित उदाहरण घ्या. हलाल पद्धतीविरुद्धची एका संघटनेची याचिका सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२० मध्ये फेटाळली. ज्याला हलाल खायचे त्याने हलाल खावे, ज्याला झटका खायचा त्याने झटका, असे न्यायमूर्ती सुनावणीत म्हणाले. ऐकून बरे वाटले, पण सुनावणीतले उद्गार म्हणजे कायदा नव्हे. आधार आहे तो प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम २८ चा. धर्माने सांगितलेल्या पद्धतीने केलेली कत्तल त्या कायद्याखाली गुन्हा ठरत नाही. वाद निघाला तर हे कलम दाखवावे. (महाराष्ट्रातील गोवंशहत्याबंदीचा कायदा वेगळा आहे, त्याची यात गल्लत करू नये.)

पाट्यांचेही तसेच. दुकानावर मराठी पाटीच्या सक्तीविरुद्ध मुंबईचे किरकोळ व्यापारी उच्च न्यायालयात गेले. फेब्रुवारी २०२२ मध्ये याचिका फेटाळली गेली, वर पंचवीस हजारांचा दंड झाला. सुप्रीम कोर्टानेही २५ सप्टेंबर २०२३ रोजी दिलासा न देता दोन महिन्यांत पाट्या लावा, असे सांगितले. वकिलाच्या फीपेक्षा रंगाऱ्याची मजुरी कितीतरी स्वस्त पडली असती! पण देवनागरी मराठी अक्षरे इतर भाषांपेक्षा लहान नसावीत, एवढेच कायदा मागतो. शेजारी उर्दू लिहायला बंदी नाही. अकोला जिल्ह्यातील पातूर नगर परिषदेच्या फलकावरील उर्दूविरुद्धचे अपील १५ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सविस्तर कारणे देऊन फेटाळले. ते प्रकरण दुकानांचे नव्हे, नगर परिषदेच्या फलकाचे होते, पण हा कारणांसहित दिलेला निकाल आहे, म्हणून त्याची प्रत जवळ ठेवण्यासारखी आहे.

‘सरळ सुप्रीम कोर्टात जाऊ’ म्हणणारेही भेटतात. कलम ३२ खाली तसे जाता येते. शेतीच्या हंगामात बिडी वळण्यास बंदी घालणारा मध्यप्रांत-वऱ्हाडचा १९४८ चा कायदा सागरच्या चिंतामणराव यांच्या याचिकेवर १९५० मध्ये याच मार्गाने रद्द झाला. आपला गोंदियाही तेव्हा त्याच प्रांतातला होता. परंतु १९८७ मध्ये पी. एन. कुमार प्रकरणात न्यायालयाने, आधी उच्च न्यायालयात जा, असे सांगून याचिकाकर्त्याला परत पाठवले. आजही बहुतेकांना हेच उत्तर मिळते.

तेव्हा खरी मेहनत नागपुरातच घ्यावी. पावत्या, परवाने, नोटिसा, सर्व कागद तेथेच दाखल करावेत. त्यानंतरही दिल्लीला जायचेच असेल, तर उच्च न्यायालयाच्या निकालापासून ९० दिवसांची मुदत असते. प्रमाणित प्रतीसाठी निकालाच्या दिवशीच अर्ज करावा. आणि कोणी कात्रण दाखवून दम देऊ लागला, तर त्याच्याकडे मूळ आदेशाची प्रत मागावी.