कायदा शोधावा कसा?

कुळागराची वा घराची वाटणी निघाली, की पेडणे-डिचोलीकडच्या घरांतून एक प्रश्न हटकून ऐकू येतो: "लग्न झालेल्या मुलीस वाटा असतो काय?" उत्तर मात्र बहुधा सांगोवांगीचे मिळते. ज्या पोर्तुगीज नागरी संहितेत ते होते, ती १८७० पासून गोव्यात लागू झाली व १९६१ च्या मुक्तीनंतरही चालू राहिली. परंतु तिची भाषा पोर्तुगीज. सामान्य वाचकास ती दुर्गमच होती. शासनाने तिचे इंग्रजी भाषांतर राजपत्रात प्रसिद्ध केले, ते २०१८ मध्ये.

आता कायद्याची कपाटे संगणकावर उघडली आहेत. विधिमहाविद्यालयांच्या ग्रंथालयांत वर्गणीचे निर्णयसंग्रह असतातच. पण 'इंडिया कोड' या सरकारी संकेतस्थळावर कायदे आणि २०२३ पासून 'ई-एससीआर'वर सर्वोच्च न्यायालयाचे निर्णय कोणासही विनामूल्य वाचता येतात.

तथापि, सापडलेले सर्वच प्रमाण नव्हे. आम्ही वाचकांस तीन गोष्टी तपासण्यास सांगू.

पहिली, कायदा आज अंमलात आहे काय? संहितेतील वारसाविषयक तरतुदींची जागा आता गोव्याच्या स्वतंत्र वारसा कायद्याने घेतली आहे. त्याच्या नावात २०१२ हे वर्ष आहे, अंमल मात्र २०१६ पासून झाला. केवळ जुन्या ग्रंथावर विसंबणारा येथेच फसतो.

दुसरी, न्यायालयाने त्याचा अर्थ काय लावला? १३ सप्टेंबर २०१९ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की गोव्याच्या अधिवासी व्यक्तीची मालमत्ता भारतात अन्यत्र असली, तरी वारसा गोव्याच्याच कायद्याने ठरेल.

तिसरी, आपण मूळ वाचतो की भाषांतर? काही निर्णय मराठीतही मिळतात. ते समजून घेण्यास उपयोगी आहेत, परंतु प्रमाण मानला जातो तो इंग्रजी पाठ.

असे पाहिले म्हणजे आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर स्वच्छ दिसते. मुलगा व मुलगी यांचा वाटा समान आहे. लग्नाने तो बुडत नाही. अपत्ये असता आईबापांस मृत्युपत्राने आपल्या मालमत्तेच्या अर्ध्या भागाचीच इच्छेप्रमाणे व्यवस्था लावता येते. उरलेला अर्धा वारसांसाठी राखीव असतो.

संगणक वकिलाची जागा घेणार नाही. परंतु पुढे केलेल्या कागदावर सही करण्यापूर्वी, घरातील मुलीने वा आजीने "कोणत्या कायद्याने?" एवढे विचारावे आणि शिकलेल्या नातवंडाने ते कलम काढून वाचून दाखवावे. विद्येचा घरास याहून मोठा उपयोग तो कोणता?