आरोग्य अभ्यास : खाज नसलेली सूज

या अंकातला पाठ एका दुर्मीळ आजाराविषयी आहे. आपल्याकडे खरूज, क्षयरोग आणि कुपोषण एवढे असताना दुर्मीळ आजार कशाला शिकायचा, असे कोणी म्हणेल. म्हणणे चुकीचे नाही. पण हा आजार ओळखण्याचे निम्मे काम दवाखान्याबाहेर होते. ते आशाताई करतात, आश्रमशाळेच्या अधीक्षिका करतात, ओट्यावर बसून एखाद्या घराची दोन-तीन पिढ्यांची हकीकत ऐकणारे कार्यकर्ते करतात. आणि ओळखला नाही तर यात घसा सुजून, श्वास कोंडून धडधाकट माणूस काही तासांत दगावू शकतो.

आजाराचे नाव हेरिडिटरी अँजिओएडिमा. डॉक्टर थोडक्यात एचएई म्हणतात. आपण या पाठापुरते ‘आनुवंशिक सूज’ म्हणू.

सूज कशी असते ते नीट लक्षात ठेवा, कारण सगळा पाठ त्यावर उभा आहे. ओठ, पापणी, हाताचा पंजा, पाऊल किंवा जननेंद्रिय यांपैकी एखादा भाग हळूहळू, काही तासांत सुजत जातो. कातडी ताणल्यासारखी वाटते, दुखते, पण खाज सुटत नाही. अंगावर पित्त उठून जशा लाल गांधी येतात तशा येत नाहीत. काही जणांच्या अंगावर सूज येण्याआधी नागमोडी लालसर रेषा उमटतात, त्यांनाही खाज नसते. औषध न घेता ही सूज दोन ते पाच दिवसांत आपोआप उतरते आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा येते. बहुतेकांना पहिला झटका बालपणात येतो आणि वयात येताना त्रास वाढतो. म्हणजे नेमक्या आपल्या वसतिगृहांत राहणाऱ्या मुलामुलींच्या वयात.

सूज आतड्याच्या आवरणाला आली तर बाहेर काहीच दिसत नाही. पोटात असह्य कळा, उलट्या, पोट फुगणे, आणि दोन-तीन दिवसांनी माणूस ठणठणीत. अपेंडिक्स समजून अशा रुग्णांचे पोट उघडले गेल्याच्या नोंदी जगभर आहेत. एखाद्या मुलीचे वारंवार पोट दुखते आणि मधूनच तिचा हात सुजतो, या दोन गोष्टी एकाच वहीत शेजारी शेजारी लिहिल्या गेल्या तरच त्यांचा संबंध कोणाच्या तरी लक्षात येईल. बहुधा त्या वेगवेगळ्या दवाखान्यांतल्या वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर असतात.

असे किती लोक असतील? जगभर साधारण ५० हजारांत एक, असा अंदाज धरतात. २०११च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या ४५ लाखांवर होती. त्या हिशेबाने जिल्ह्यात ९० च्या आसपास रुग्ण असायला हवेत. ते सगळीकडे सारखे विखुरलेले नसतात. हा आजार घराण्यात चालतो, त्यामुळे एका भावकीत सात-आठ जण आणि शंभर गावांत एकही नाही, असेही असू शकते.

घराण्यात चालतो हे प्रथम ठळकपणे मांडले ते विल्यम ऑस्लर या डॉक्टरांनी, १८८८ साली. अमेरिकेतल्या एका कुटुंबातल्या पाच पिढ्यांची हकीकत विचारून त्यांनी ती लिहून काढली. रक्ताची तपासणी नव्हती, जनुकाची कल्पना नव्हती. त्यांच्याकडे होते ते प्रश्न विचारणे आणि ऐकून घेणे. कारण सापडायला पुढे ७५ वर्षे गेली. १९६३ मध्ये व्हर्जिनिया डोनाल्डसन आणि रिचर्ड इव्हान्स यांनी दाखवले की या रुग्णांच्या रक्तात ‘सी-वन इनहिबिटर’ नावाचे प्रथिन कमी असते किंवा असून काम करत नाही. हे प्रथिन म्हणजे लगाम. लगाम सुटला की ब्रॅडिकायनिन नावाचा पदार्थ फार तयार होतो, बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात आणि पाणी आजूबाजूच्या मांसात साचते.

अ‍ॅलर्जीची सूज येते ती प्रामुख्याने हिस्टामिन या निराळ्याच पदार्थामुळे. म्हणून अ‍ॅलर्जीवर दिली जाणारी अँटिहिस्टामिन गोळी, स्टिरॉइडचे इंजेक्शन आणि अ‍ॅड्रेनालिन या आजारात उपयोगी पडत नाहीत. दोन-तीन वेळा इंजेक्शन देऊनही सूज आपल्याच गतीने चढते आणि आपल्याच गतीने उतरते, हीच ओळखीची मोठी खूण. मात्र उलटा अर्थ काढू नका. मधमाशी चावल्यावर किंवा एखादे औषध घेतल्यावर अंगावर गांधी येऊन श्वास लागला, तर तिथे अ‍ॅड्रेनालिननेच जीव वाचतो. ते कधीही थांबवू नये.

आता घराण्याविषयी. सिकलसेल आपल्या वाचकांना माहीत आहे. त्यात आई आणि वडील दोघांकडून दोष आला तरच मूल आजारी होते. आनुवंशिक सुजेत एकाकडून आला तरी पुरतो. आई किंवा वडील रुग्ण असतील तर प्रत्येक मुलामागे शक्यता निम्मी, मुलगा असो वा मुलगी. सुमारे चौथाई रुग्णांच्या घरात मात्र आधी कोणालाच आजार नसतो. दोष त्यांच्यापासूनच सुरू होतो.

त्वचेचे इतर काही दुर्मीळ आजार बऱ्याचदा सिकलसेलच्या वाटेने जातात. जरा घासले तरी कातडीला फोड येऊन सोलटून निघणारा एपिडर्मोलिसिस बुलोसा, माशाच्या खवल्यांसारखी कातडी करणारा इक्थिऑसिस, उन्हाने डाग आणि पुढे लहान वयात कर्करोग करणारा झेरोडर्मा पिगमेंटोसम, यांचे अनेक प्रकार आईवडील दोघांकडून दोष आल्यावर दिसतात. मामाच्या किंवा आत्याच्या मुलीशी लग्न करण्याची चाल जिथे आहे तिथे त्यांची शक्यता वाढते. आनुवंशिक सुजेचा या चालीशी संबंध नाही. तरी गावात कारण विचारले की नात्यातल्या लग्नाकडेच बोट दाखवले जाते, आणि तेही पुष्कळदा सुनेच्या माहेराकडे.

याहून वाईट बोट करणीचे. एका घरात आजोबा रात्रीत घसा सुजून गेले, पुढे काका तसेच गेले, आता नातवाचा ओठ सुजतो, असे घर समजा. वस्ती याचा अर्थ काय लावेल? भगताकडे जाणे होते, कोणाचे तरी नाव पुढे येते आणि एखाद्या एकट्या बाईचे जगणे अवघड होते. अमक्याने करणी केली असे सांगून त्या व्यक्तीवर ठपका ठेवणे हा महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. पण कायदा सांगण्याआधी त्या घराला खरे कारण सांगता आले तर बरे. तीन पिढ्यांतली तीच सूज हाच रोगाचा पुरावा आहे, हे कागदावर वंशावळ काढून दाखवता येते.

संशयाची पहिली तपासणी साधी आहे. रक्तातले ‘सी-फोर’ हे प्रथिन मोजतात. या आजारात ते जवळपास नेहमी कमी सापडते. त्यानंतर सी-वन इनहिबिटरचे प्रमाण आणि त्याचे काम, दोन्ही तपासावे लागतात, कारण काही रुग्णांत प्रमाण नीट असते आणि काम बिघडलेले असते. एक वर्षाखालच्या बाळाच्या तपासणीवर भरवसा ठेवता येत नाही. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरशास्त्र संस्था आहे. प्रतिकारशक्तीच्या जन्मजात दोषांवर तिथे संशोधन चालते आणि भारतीय कुटुंबांतील या आजाराचे जनुकीय दोष तिथल्या व चंडीगडच्या पीजीआयच्या संशोधकांनी शोधून प्रसिद्ध केले आहेत. दुर्मीळ आजारांच्या २०२१च्या राष्ट्रीय धोरणात केईएम हे उत्कृष्टता केंद्र आहे. यादीतल्या आजारांसाठी अशा केंद्रांमार्फत ५० लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते; यादीत भर पडत असते, म्हणून तिथे जाऊन विचारावे.

उपचारांत जगाने २००८ पासून मोठी मजल मारली. सी-वन इनहिबिटरचे इंजेक्शन, ब्रॅडिकायनिनला अडवणारे इकॅटिबंट, झटके टाळणारे लॅनाडेलुमॅब आले. जनुकातच बदल करून एका मात्रेत झटके कमी करता येतात का, याच्या चाचण्यांचे निकाल २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. ही औषधे फार महाग आहेत. आपल्याकडे अजून भिस्त आहे ती ताज्या गोठवलेल्या प्लाझ्मावर, म्हणजे रक्तपेढीत मिळणाऱ्या ‘एफएफपी’वर, आणि झटके कमी करणाऱ्या डॅनाझोल किंवा ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिडच्या गोळ्यांवर. डॅनाझोल गर्भवतीला देत नाहीत आणि मुलांना शक्यतो टाळतात. या रुग्णाने रक्तदाबाच्या एनालाप्रिल, रॅमिप्रिल गटातल्या गोळ्या आणि इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेऊ नयेत. दात काढायचा असेल तर आधी डॉक्टरांना आजार सांगावा, कारण दात काढल्यावर घसा सुजू शकतो.

अकोले तालुक्यात जवळपास निम्मी वस्ती आदिवासी आहे. घाटघर, साम्रद, रतनवाडी इथून रक्तपेढी असलेले मोठे रुग्णालय किती लांब, हे तिथे पावसाळा काढलेल्यांना सांगायला नको. आवाज घोगरा झाला, थुंकी गिळवेना, गळ्याशी आवळल्यासारखे वाटू लागले, की सूज उतरण्याची वाट पाहायची नाही. त्याच क्षणी १०८ ला फोन करायचा आणि श्वासनलिकेत नळी घालण्याची सोय जिथे आहे तिथेच न्यायला सांगायचे. म्हणून निदान झालेल्या प्रत्येकाजवळ एक कार्ड हवे. त्यावर मराठीत आणि इंग्रजीत आजाराचे नाव, ‘अ‍ॅलर्जीच्या औषधांनी उतरत नाही’ हे वाक्य, रक्तगट, आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा फोन. वसतिगृहातल्या मुलाचे दुसरे कार्ड अधीक्षकांच्या टेबलाच्या खणात ठेवावे, आणि अधीक्षक बदलले की ते नव्यांच्या हातात द्यावे.