गोव्याला निघण्यापूर्वी

सातारा

चि. सोनूस,


तू यंदा नलकॉनला जायचं नक्की केलंस, हे आक्कानं फोनवर सांगितलं. फार आनंद झाला. संगणक सुरक्षेची ही परिषद २०१० पासून गोव्यात भरते आहे. आपल्याच देशातल्या हौशी, अभ्यासू मुलांच्या गटातून ती उभी राहिली. सांगलीतून वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयातली मुलगी तिथं जाते, याचा मला अभिमान आहे. सहकारी बँकेच्या संगणक विभागात माझी सारी नोकरी झाली, म्हणून चार गोष्टी सांगतो.

तिथं आधी प्रशिक्षणवर्ग आणि मग व्याख्यानं असतात. एकाच वेळी दोन-तीन दालनांत कार्यक्रम चालतात. सगळं ऐकायला धावलीस तर हाती काहीच लागणार नाही. म्हणून जाताना एकच प्रश्न घेऊन जा: आपल्याकडच्या छोट्या सहकारी बँकेवर हल्ला झाला, तर तो कळेल कुणाला आणि किती वेळात?

हा प्रश्न हवेतला नाही. पुण्याची कॉसमॉस बँक १९०६ सालची, मोठी आणि जुनी. ११ ऑगस्ट २०१८ ला, शनिवारी दुपारनंतर काही तासांत, २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी तिचे पैसे निघाले. काही तर आपल्या शेजारच्या कोल्हापुरातूनही काढले गेले. १३ तारखेला स्विफ्ट या बँकांमधल्या निरोपयंत्रणेमार्गे आणखी रक्कम हाँगकाँगला गेली. एकूण सुमारे ९४ कोटी. चोरांनी खातेदारांची खाती फोडली नव्हती. कार्डाचा व्यवहार मंजूर करण्यासाठी जो निरोप बँकेच्या मुख्य यंत्रणेकडे जायला हवा, तो त्यांनी मध्येच अडवला आणि मंजुरीचं खोटं उत्तर परस्पर धाडलं. बँकेच्या हिशेबाला पत्ताच नाही आणि तिकडे पैसे बाहेर! २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयानं अकरा जणांना शिक्षा सुनावली. पण ते बहुतेक पैसे काढणारे हात होते.

त्या घटनेनंतर सुमारे दोन महिन्यांनी रिझर्व्ह बँकेनं नागरी सहकारी बँकांना सायबर सुरक्षेची किमान चौकट घालून दिली. २०२२ पासून तर असा सायबर हल्ला लक्षात आल्यावर सहा तासांत सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवावं लागतं. नियम आले, पण ते पाळायला मुळात प्रकार ओळखणारा माणूस लागतो. तालुक्याच्या बँकेत असा माणूस क्वचितच असतो. ती उणीव तुम्ही मुलांनी भरून काढायची आहे.

म्हणून हल्ला कसा करतात हे दाखवणाऱ्या व्याख्यानाला जा, पण तो कसा पकडला हे सांगणारं व्याख्यान चुकवू नकोस. वक्ता मंचावरून उतरला की त्याला गाठ आणि मोकळेपणानं विचार. इंग्रजी अडखळलं तरी बिचकू नकोस. प्रश्न नेमका असला की जाणती माणसं थांबून उत्तर देतात. रात्री झोपण्यापूर्वी दिवसभराचं एका पानात स्वतःच्या शब्दांत लिही. जे लिहिता येत नाही ते समजलेलं नाही, असं खुशाल समज. कॉलेजच्या प्रकल्पाचा लॅपटॉप नेऊ नकोस. जो नेशील तो अद्ययावत करून ने आणि तिथल्या खुल्या वायफायवर बँकेचं कुठलंही काम करू नकोस.

आता सगळ्यात महत्त्वाचं. शिकलेलं करून बघायला हात शिवशिवतील. ते स्वतःच्या यंत्रावर किंवा तिथल्या स्पर्धेसाठी मांडलेल्या यंत्रणेवरच कर. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या यंत्रणेत डोकावलं, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३ कलमाखाली भरपाई द्यावी लागते; ते अप्रामाणिक हेतूनं केलं असं ठरलं, तर ६६ कलमाखाली तो गुन्हा होतो आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ‘मी फक्त दोष दाखवत होते’ हा बचाव पुरेलच असं नाही. कुठं दोष सहज नजरेस पडलाच, तर तो त्या संस्थेला किंवा सर्ट-इनला लेखी कळव; चारचौघांत मिरवू नकोस. या पेशात कौशल्य पुष्कळांकडे असतं. ज्यांच्या हाती किल्ली निर्धास्त द्यावी, अशी माणसं थोडी असतात.

परत आलीस की वर्गातल्या मुलांना एका संध्याकाळी बसवून सगळं मराठीत समजावून सांग. मग जवळच्या एखाद्या पतसंस्थेच्या व्यवस्थापकांना भेट आणि त्यांना तोच, ‘हल्ला कळेल कुणाला आणि किती वेळात’ हा प्रश्न विचार. त्यांना उत्तर सापडेपर्यंत त्यांच्यासोबत बस. शेतकऱ्यांच्या, शिक्षकांच्या, पेन्शनरांच्या ठेवी तिथं आहेत. तुझ्या शिक्षणावर पहिला हक्क त्यांचा आहे.

तुझा,
मामा