जर्मनीला जायचंय? आधी मोड्यूल हँडबुक उघडा

दिवाळीच्या सुट्टीत समुपदेशनासाठी येणाऱ्या कुटुंबांच्या हातात बहुधा एकच कागद असतो. त्यावर विद्यापीठांची नावं, शेजारी जागतिक क्रमांक आणि खाली वर्गमित्रांपैकी कोण कुठे गेलं याची टिपणं. गेल्या वर्षी नाशिकहून आलेल्या एका वडिलांनी असा कागद माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, “सर, यातलं सगळ्यात चांगलं कुठलं ते सांगा. जर्मनीत फी नाही म्हणतात, म्हणून जर्मनी पक्कं केलंय.” मुलगा मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला, सीजीपीए ७.८. मी त्याला विचारलं, “तिथे जाऊन नेमकं काय शिकायचंय तुला?” तो म्हणाला, “डेटा सायन्सला स्कोप आहे ना, सर?” यादीतल्या सातपैकी एकाही अभ्यासक्रमाचं पान त्यानं उघडून वाचलेलं नव्हतं.

हा मुलगा हुशार आहे आणि वडील दक्ष आहेत. तरीही दोघांचा क्रम उलटा झाला होता: आधी देश, मग विद्यापीठाचं नाव, आणि शेवटी विषय. परदेशी शिक्षणातले बरेच चुकीचे निर्णय या उलट्या क्रमातून होतात. म्हणून हा लेख, जर्मनीतल्या मास्टर्सचं उदाहरण घेऊन.

मार्कशीट शेजारी ठेवून वाचा

जर्मनीतले बहुतेक मास्टर्स अभ्यासक्रम पदवीच्याच विषयावर पुढचा मजला चढवणारे असतात. तुमच्या पदवीत कोणते विषय, किती क्रेडिटचे झाले हे तिथली प्रवेश समिती एकेक करून तपासते. युरोपात हे मोजायला ईसीटीएस हे माप आहे. एक क्रेडिट म्हणजे वर्ग, अभ्यास आणि परीक्षा धरून २५ ते ३० तासांचं काम. मास्टर्स सहसा १२० क्रेडिटचं, म्हणजे चार सत्रांचं.

त्या दिवशी आम्ही टेबलावरच यादीतल्या डेटा सायन्सच्या एका अभ्यासक्रमाचे प्रवेशनियम उघडले. गणित आणि संख्याशास्त्राचे किती, प्रोग्रामिंग, अल्गोरिदम आणि डेटाबेसचे किती क्रेडिट पदवीत असलेच पाहिजेत, हे तिथे स्पष्ट लिहिलेलं होतं. शेजारी मुलाच्या मार्कशीट मांडल्या. एम-वन, एम-टू, एम-थ्री हे गणिताचे तीन पेपर निघाले. प्रोग्रामिंगचा पेपर पहिल्या वर्षातला, एकच. बाकी थर्मो, टीओएम, फ्लुइड, हीट ट्रान्सफर, मशीन डिझाइन. अर्ज केला असता तर नकार जवळजवळ ठरलेला होता, आणि त्याचं कारण हुशारीची कमतरता नसून विषय न जुळणं हे असतं.

मग त्याच मार्कशीट शेजारी ठेवून संगणकीय यांत्रिकीचा एक अभ्यासक्रम उघडला. अटींच्या बहुतेक रकान्यांत खूण करता आली. त्याचं मोड्यूल हँडबुक, म्हणजे प्रत्येक विषयात काय शिकवणार, किती तास, परीक्षा लेखी की तोंडी हे सांगणारी पुस्तिका, मुलगा वाचू लागला. सिम्युलेशनच्या एका विषयात मोजमापांच्या डेटावरून यंत्राच्या भागाचं आयुष्य वर्तवण्याचा भाग होता. “सर, मला हेच करायचंय,” तो म्हणाला. तासाभरात तो पहिल्यांदाच विषयाबद्दल बोलला होता.

गुणांचं गणितही आधीच मांडून पाहा. जर्मनीत १ ही सर्वोत्तम श्रेणी आणि ४ ही काठावर पास. रूपांतर असं होतं: कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करा, त्याला कमाल आणि किमान उत्तीर्ण गुणांच्या फरकानं भागा, तीननं गुणा आणि एक मिळवा. कमाल १०, उत्तीर्ण ४ आणि सीजीपीए ७.८ असेल तर उत्तर येतं २.१. अनेक अभ्यासक्रम २.५ किंवा त्याहून चांगली श्रेणी मागतात. म्हणजे या मुलाला दारं बंद नव्हती. फक्त योग्य दार निवडायचं होतं.

विद्यापीठ की होखशूल?

‘होखशूल’ म्हणजे उपयोजित विज्ञानाची विद्यापीठं. जागतिक क्रमवारीत ती फारशी दिसत नाहीत, म्हणून आपले पालक ती खोडून टाकतात. हे खोडणं थांबवा. तिथे प्राध्यापक व्हायला सहसा विद्यापीठाबाहेरच्या कामाचा अनुभव लागतो, वर्ग लहान असतात आणि प्रबंधही अनेकदा कंपनीत बसून लिहिला जातो. इंगोलश्टाटला ऑडीच्या मुख्यालयाच्या गावात असं एक होखशूल आहे. पुढे संशोधन आणि पीएचडी करायची असेल तर विद्यापीठ बघा. शॉप फ्लोअरवर आणि डिझाइनच्या टेबलावर काम करायचं असेल तर होखशूलचा विचार मनापासून करा.

क्रमवारी एका ठिकाणी मात्र खरंच महत्त्वाची ठरते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या राज्य शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीला क्यूएस क्रमवारीची अट असते. तुम्ही पात्र असाल तर त्या वर्षीची जाहिरात आधी वाचा आणि मग यादी करा.

‘फी नाही’ याचा अर्थ

बहुतेक राज्यांतल्या सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही, हे खरं आहे. पण स्टुटगार्ट, कार्ल्सरूहे, हायडेलबर्ग ज्या राज्यात येतात त्या बाडेन-व्यूर्टेम्बर्गमध्ये २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो द्यावे लागतात. म्यूनिकच्या तांत्रिक विद्यापीठानं २०२४ च्या हिवाळी सत्रापासून अशा नव्या विद्यार्थ्यांना फी लावली असून मास्टर्सला ती विषयानुसार सत्राला ४,००० किंवा ६,००० युरो आहे. दोन वर्षांपूर्वी गेलेल्या मित्राचा हिशेब आज तसाच लागू पडेल असं धरू नका.

शिवाय व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षभराच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधी भरून दाखवावे लागतात. रुपयांत ही रक्कम साधारण बारा लाख होते. हे पैसे तुमचेच असतात आणि महिन्याला ९९२ युरो या हिशेबानं परत मिळतात. पण ते उभे करावे लागतात, आणि दुसऱ्या वर्षाचीही सोय लागते. म्यूनिकसारख्या शहरात यातला मोठा वाटा खोलीच्या भाड्यातच जातो, तर केम्निट्ससारख्या शहरात तेच पैसे बरेच पुरतात. त्यामुळे अभ्यासक्रम निवडताना शहराचाही विचार करा.

शिकताना वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. “पार्टटाइम करून कर्ज फेडू” असं गृहीत धरून मात्र निघू नका. त्या कमाईतून हातखर्चाला टेकू मिळेल, पण कर्जाचा हप्ता तिच्यावर सोडता येणार नाही.

परीक्षा आणि भाषा

आपल्याकडे केटी राहिली तर पुन्हा बसता येतं. जर्मनीत एका विषयाच्या परीक्षेला बहुतेक ठिकाणी तीनच संधी असतात. अनिवार्य विषयात शेवटची संधी गेली तर प्रवेश रद्द होतो, आणि तोच अभ्यासक्रम देशात दुसरीकडेही पुन्हा घेता येत नाही. म्हणून ज्या विषयाची गोडी नाही तो केवळ ‘स्कोप’ आहे म्हणून घेणं तिथे फार महाग पडतं.

शिकवणं इंग्रजीत असलं तरी नोकरीच्या मुलाखतीत जर्मन लागते. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिन्यांची मुदत मिळते. ती मुदत भाषा शिकण्यात घालवणारी मुलं मागे पडतात. पुण्या-मुंबईत जर्मन शिकवणारं मॅक्सम्यूलर भवन आहे. तिसऱ्या वर्षापासून भाषेची ए-१ ही पहिली पातळी सुरू केली आणि निघण्यापूर्वी बी-१ गाठली, तर घर शोधण्यापासून मुलाखतीपर्यंत सगळं सोपं होतं.

सल्ला कोणाचा?

सल्लागाराला एकच प्रश्न नि:संकोच विचारा: “मी या संस्थेत प्रवेश घेतला तर तुम्हाला तिच्याकडून पैसे मिळतात का?” सरकारी विद्यापीठं सहसा कमिशन देत नाहीत. अनेक खासगी संस्था देतात. त्यामुळे ‘हमखास प्रवेश’ म्हणून सुचवलेली नावं कधी कधी भरमसाट फी असलेल्या खासगी संस्थांची निघतात. डीएएडी या जर्मन संस्थेच्या संकेतस्थळावर अभ्यासक्रमांची यादी सगळ्यांना मोफत खुली आहे. शोध तिथून सुरू करा.

वेळेचं भानही ठेवा. १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी, शैक्षणिक कागदपत्रं तपासून दिलं जाणारं एपीएस प्रमाणपत्र सक्तीचं आहे आणि त्याची फी १८,००० रुपये आहे. हिवाळी सत्राची सर्वसाधारण मुदत १५ जुलै असली तरी परदेशी विद्यार्थ्यांसाठी अनेक ठिकाणी ती मार्च ते मे दरम्यानच संपते. तयारी किमान वर्षभर आधी सुरू व्हायला हवी.

नाशिकच्या त्या मुलानं सातपैकी पाच नावं स्वतः खोडली आणि तीन नवी लिहिली. त्यातली दोन होखशूल होती. ती खोडाखोड त्यानं स्वतः केली, याचा मला सगळ्यात जास्त आनंद झाला.

पालकांना माझी विनंती आहे. या रविवारी मुलाच्या किंवा मुलीच्या सगळ्या मार्कशीट टेबलावर काढा. शेजारी तीन अभ्यासक्रमांची मोड्यूल हँडबुकं उघडा आणि त्यांना एकच सांगा: “पहिल्या सत्रात काय शिकणार आहेस, ते मला समजेल असं मराठीत सांग.” जो अभ्यासक्रम सांगताना त्यांना उत्साह येईल, त्याचा अर्ज आधी भरा. जो सांगताच येणार नाही, तो कितीही मोठ्या विद्यापीठाचा असला तरी यादीतून काढून टाका.