संगणकाच्या वेगाची सीमा

शाळेचा संगणक कक्ष पाहताना पालक आम्हांस एक प्रश्न हमखास विचारतात : "सर, हे संगणक जुने झाले, आता मुलांच्या उपयोगाचे राहिलेत का?" या प्रश्नामागील काळजी आम्ही जाणतो. ऊसतोडीच्या आणि शेतमजुरीच्या कमाईतून ज्यांनी लेकराला वसतिगृहात ठेवले, त्यांना ते यंत्रापायी मागे पडेल अशी भीती वाटणे स्वाभाविक आहे. या प्रश्नाचे उत्तर शोधताना संगणकाच्या वाढीचा इतिहास आणि त्या वाढीची सीमा, दोन्ही समजून घ्यावी लागतात.

एका चिपवर मावणाऱ्या घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होत आहे, असे निरीक्षण गॉर्डन मूर यांनी १९६५ साली नोंदविले. १९७५ मध्ये त्यांनीच हा कालावधी दोन वर्षांचा केला. १९७१ च्या इंटेल ४००४ या चिपवर सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. २०२० च्या ॲपल एम१ या चिपवर १,६०० कोटी आहेत. पन्नास वर्षांत एवढी मजल मारणारे दुसरे यंत्र इतिहासात सापडणे कठीण.

मात्र ही वाढ अमर्याद नाही. ट्रान्झिस्टर म्हणजे विजेच्या प्रवाहाला घातलेले दार होय. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ज्यांनी रात्री जागून दारे धरली आहेत, त्यांना हे सहज उमगेल. दार उघडले की प्रवाह सुरू, लावले की बंद. पण वाफ्याचा बांध फारच बारीक केला, तर दार लावूनही पाणी पाझरतच राहते. चिपमध्येही तसेच घडले. सुमारे २००४ पर्यंत ट्रान्झिस्टरमधील विजेला अडविणारा थर अवघ्या पाच अणूंच्या जाडीपर्यंत येऊन ठेपला. वीज झिरपू लागली, उष्णता वाढली. त्या वर्षी बाजारातील प्रोसेसरचा वेग ३.८ गिगाहर्ट्‌झपर्यंत पोहोचला होता. त्यानंतरच्या वीस वर्षांत तो दुप्पटही झालेला नाही. नव्या पदार्थांनी आणि नव्या रचनांनी पाझर बराच आटोक्यात आला. परंतु अणूपेक्षा लहान बांध कोणालाही घालता येणार नाही.

मग वाट कोणती? एकाच प्रोसेसरचा वेग वाढत नसेल, तर अनेकांना एकत्र कामास लावणे. ही वाट आपल्याच पुणे जिल्ह्यात आधी चोखाळली गेली होती. १९८० च्या दशकात हवा तो महासंगणक भारताला देण्यास अमेरिकेने नकार दिला. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. अकोला जिल्ह्यातील मुरंबा या खेड्यात जन्मलेले डॉ. विजय भटकर तिचे नेतृत्व करीत होते. तेथील अभियंत्यांनी एका महागड्या, अतिवेगवान प्रोसेसरचा हट्ट न धरता ट्रान्सप्युटर नावाचे अनेक छोटे प्रोसेसर परस्परांशी जोडले आणि १९९१ मध्ये 'परम ८०००' सिद्ध केला. आज आपल्या खिशातील मोबाईलमध्येही अनेक गाभ्यांचा प्रोसेसर असतो, तो याच तत्त्वावर चालतो. २०२४ मध्ये पुणे, दिल्ली व कोलकाता येथे राष्ट्राला अर्पण झालेले 'परम रुद्र' महासंगणकही त्याच वाटेवरचे आहेत.

या उपायालाही सीमा आहे. ती जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्येच दाखवून दिली. आमच्या भोजनगृहात भाकरी थापायला चार हात वाढविले तर काम चटकन उरकते. पण पातेल्यातील डाळ शिजायला लागणारा वेळ तेवढाच राहतो. ज्या कामाची वाटणी होत नाही, ते काम शेवटी एकूण वेग ठरविते.

आता पालकांच्या प्रश्नाकडे येऊ. वाढ मंदावल्याचा एक लाभ आपल्या पदरात पडतो. पूर्वी पाच वर्षांपूर्वीचा संगणक अडगळीत जाई. आज आठ-दहा वर्षांपूर्वीचा, स्थितीने चांगला संगणक मराठी टंकलेखन, गणित, प्रोग्रामिंगचे प्राथमिक धडे आणि इंटरनेट यांसाठी पुरेसा ठरतो. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवावी, रॅम वाढवावी. नव्या यंत्राच्या तुलनेत थोड्या खर्चात काम भागते. विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. ज्या यंत्रांवर पुढील आवृत्ती चालत नाही, त्यांवर लिनक्स घालता येते. सी-डॅकचीच 'बॉस' नावाची लिनक्सवर आधारलेली प्रणाली आहे. मोठ्या चित्रफितींचे संपादन किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेची अवजड कामे या यंत्रांवर होणार नाहीत, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. परंतु आठवी-नववीच्या विद्यार्थ्याची पहिली गरज ती नाही. एका यंत्रापुढे चौघे बसतात, त्यांतील एकाच्या हाती माऊस असतो आणि तिघे बघत राहतात, ही त्याची खरी अडचण आहे.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना आमचे सांगणे आहे : आपल्या कचेरीतील वा घरातील चालू स्थितीतला संगणक भंगारात घालण्यापूर्वी शाळेची आठवण ठेवावी. आपली माहिती पूर्णपणे पुसून तो आणून द्यावा. जमल्यास एक रविवार थांबून तो मुलांसमोर उघडून दाखवावा. आणि पालकांनी निश्चिंत असावे. यंत्र जुने आहे म्हणून आपले मूल मागे पडणार नाही; मात्र त्याचा हात यंत्राला लागलाच नाही तर पडेल. तसे होऊ न देणे ही आपणां सर्वांची जबाबदारी आहे.